सकर मासा गेल्यानंतर

फिश टँकमधला मासा मेला, की त्याचे शरीर जतन करायचे की नाही, हे निवांतपणे ठरवायला वेळ मिळत नाही. उष्ण प्रदेशातल्या माशांसाठी राखलेले टँकचे पाणी साधारण 26-27 अंश सेल्सियस असते आणि त्या उबेत माशाचे स्वतःचे पाचकरस व आतड्यांतले जिवाणू क्षणभरही थांबत नाहीत. आधी कल्ल्यांचा लाल रंग विटतो, डोळे दुधाळ होतात, मग पोट फुगते. आणि एकदा का पोट फुटले, की पुढे कितीही चांगले रसायन वापरले तरी हाती उरते ती विरत चाललेली कातडी. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे "मासा जपून ठेवायचा आहे, काय करू?" असे विचारणारे पालक आणि विद्यार्थी अधूनमधून माझ्याकडे येतात, आणि तोवर तो मासा बहुधा आदल्या रात्रीपासून पाण्यावर तरंगत असतो. गेल्या हिवाळ्यात आमच्याच घरचा मासा गेला, तेव्हा हे सगळे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट करता आले. ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

आमचा मासा म्हणजे अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत ज्याला 'सकर' किंवा 'टँक क्लीनर' म्हणतात, तो चिलखती कॅटफिश. लेक बालवाडीत असताना आणलेला बोटाएवढा मासा ती अकरावीत जाईपर्यंत फूटभर लांबीचा झाला होता. अंगावरच्या गडद ठिपक्यांवरून तिने त्याचे नाव 'चित्त्या' ठेवले होते आणि घरात कोणीही त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. अंगावर जखम नव्हती, पाण्याच्या तपासणीत काही वावगे आढळले नाही आणि टँकमधले बाकीचे मासे ठणठणीत होते. तो वयोमानाने गेला असावा, असेच आम्ही समजतो.

त्याला ठेवून घ्यायचे, हे लेकीने लगेच सांगितले. सासूबाईंना ते रुचले नाही. "अगं, मेलेलं घरात कशाला ठेवायचं? गंगेत सोडून या त्याला, त्याला गती मिळेल," असे त्या म्हणाल्या. नाशिककरांसाठी गोदावरी ही गंगाच, आणि त्यांच्या बोलण्यामागची माया मला समजत होती. मी त्यांना म्हटले, "आई, गंगेत सोडला तर तो दोन दिवसांत कुजेल आणि पाणी तेवढे आणखी बिघडेल. कॉलेजात ठेवला तर दरवर्षी मुले त्याच्यावरून शिकतील." मासा घरात राहणार नाही, एवढे कळल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही.

शिकतील, हे मी समजूत घालण्यासाठी म्हटले नव्हते. प्रयोगशाळेच्या कपाटांतले बहुतेक मासे बाजारातून आलेले असतात. ते किती वर्षे जगले, काय खात होते, कोणत्या पाण्यात वाढले, हे कोणालाच सांगता येत नाही. घरच्या माशाचे वय मात्र ठाऊक असते. कॅटफिशच्या छातीच्या परातला (पर म्हणजे माशाचा पोहण्याचा पंख) जो टणक काटा असतो, त्याचा आडवा छेद घेऊन त्यातली वाढीची वलये मोजण्याची आणि त्यावरून वय काढण्याची पद्धत मत्स्यशास्त्रात रूढ आहे. पण ती वलये खरोखर वर्षाला एक या हिशेबाने पडतात का, हे पडताळायला वय माहीत असलेले मासेच लागतात. ज्याचा आयुष्यक्रम माहीत आहे असा एक सकर म्हणूनच अनोळखी डझनभर सकरांपेक्षा मोलाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

मासा गेल्याचे लक्षात आल्यावर पहिले काम म्हणजे त्याला पाण्याबाहेर काढणे. पण जाळीने नाही. या माशाच्या अंगावरच्या अस्थिपट्टिकांवर बारीक दातेरी काटे असतात आणि छातीच्या परांचे काटे उघडे राहून जागच्या जागी अडकतात. ते जाळीत गुंतले, की सोडवताना पर फाटतात. रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून मासा त्यात सरकवून घ्यावा. हातांत मोजे असावेतच, कारण टँकच्या पाण्यात 'मायकोबॅक्टेरियम मॅरिनम' नावाचा जिवाणू असू शकतो आणि हातावरच्या एखाद्या ओरखड्यातून शिरला तर त्वचेवर महिनोन् महिने न बरी होणारी गाठ उठवतो. काट्यांनी टोचून घेण्याइतका सोपा मार्ग त्याला दुसरा नाही.

लगेच आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांना फोन केला. कपाटांतल्या निम्म्याहून अधिक बरण्या त्यांच्याच हातच्या आहेत. "मॅडम, फ्रीजरमध्ये टाकू नका हं," हे त्यांचे पहिले वाक्य. "ओल्या फडक्यात गुंडाळा, पिशवीत घाला आणि खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी लवकर घेऊन या." त्यामागचे कारण असे, की गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाडतात, असा मासा वितळल्यावर मऊ पडतो आणि रसायनात घातल्यावरही त्याचे स्नायू एकसंध राहत नाहीत. द्रवात जतन करायचे असेल आणि दुसऱ्या दिवशी काम होणार असेल, तर 4 अंशांच्या आसपासचा गारवा पुरतो. काम लांबणारच असेल तर मात्र फ्रीजरला पर्याय नाही. त्या वेळी मासा पिशवीत पाणी भरून पाण्यासकट गोठवावा, म्हणजे निदान पर सुकून ठिसूळ होत नाहीत.

फ्रीजमध्ये ठेवण्याआधी पाचेक मिनिटे आणखी एका कामासाठी काढावीत, ते म्हणजे छायाचित्रे. दोन्ही कुशी, पाठ, पोट आणि तोंड, प्रत्येक वेळी शेजारी मोजपट्टी ठेवून. जतन केलेल्या माशात पिवळे आणि लाल रंग टिकत नाहीत, कारण त्यांची कॅरोटिनॉइड द्रव्ये अल्कोहोलमध्ये विरघळतात. तपकिरी आणि काळा रंग मेलॅनिनचा, तो टिकतो. चित्त्याचे ठिपके टिकणार होते, पण परांच्या कडेची पिवळसर झाक छायाचित्रातच राहणार होती.

माशाची ओळखही याच वेळी पक्की करून घ्यावी. दुकानात 'प्लेको' म्हणून विकले जाणारे मासे एकाच जातीचे नसतात. ज्याच्यावरून हे नाव आले, तो 'हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस' आणि आपल्याकडे सर्रास मिळणारे 'टेरिगोप्लिक्थिस' प्रजातीचे मासे यांत सोपा भेद पाठीवरच्या पराचा आहे: हायपोस्टोमसच्या परात मऊ किरण, म्हणजे पराला आधार देणाऱ्या काड्या, कमी, साधारण 7 असतात, तर टेरिगोप्लिक्थिसमध्ये ते 9 किंवा त्याहून जास्त असतात आणि त्यामुळे पर शिडासारखा मोठा दिसतो. टेरिगोप्लिक्थिस असेल, तर पुढे पोट पाहावे. ठिपके सुटे सुटे असतील तर 'पार्डालिस', एकमेकांत मिसळून वळणदार रेघा झाल्या असतील तर 'डिसजंक्टिव्हस'. अर्थात मधल्या नक्षीचेही मासे भरपूर असतात आणि तेव्हा घाईने जातीचे नाव लिहू नये. चित्त्याच्या पोटावरचे ठिपके सुटे होते. लिनियसने 1758 मध्ये प्लेकोस्टोमसला नाव दिले, तेव्हा त्याला 'अ‍ॅसिपेन्सर' म्हणजे स्टर्जन माशांच्या प्रजातीत बसवले होते, ही मला नेहमीच मोठी बोलकी गोष्ट वाटते. अंगावर हाडांचे चिलखत असलेला मासा युरोपातल्या माणसाला स्टर्जनचाच भाऊबंद वाटणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत मामांनी खिडक्या उघडून एक्झॉस्ट पंखा सुरू करून ठेवला होता. आता फॉर्मॅलिनविषयी स्पष्ट लिहिते. फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्मॅल्डिहाइड वायूचे पाण्यातले 37 ते 40 टक्क्यांचे द्रावण. ते डोळ्यांना आणि घशाला झोंबते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मॅल्डिहाइडची गणना माणसांत निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांत केली आहे. म्हणून स्वयंपाकघरात, बाल्कनीत किंवा मुलांच्या खोलीत फॉर्मॅलिनचे काम करू नये, आणि अकरावी-बारावीच्या मुलांच्या हातीही ते देऊ नये. लेक त्या दिवशी सोबत होती, ती दाराबाहेरून पाहत होती. ज्यांना आपल्या माशासाठी हे करायचे आहे, त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारावे, असे मी आग्रहाने सांगते. ताजा आणि नीट माहिती असलेला मासा मिळाला तर कोणत्याही प्राणिशास्त्राच्या माणसाला आनंदच होतो.

मग एवढे त्रासदायक द्रव्य वापरायचेच कशाला? प्राण्यांची शरीरे मद्यार्कात, म्हणजे अल्कोहोलमध्ये, टिकतात, हे सतराव्या शतकापासून माहीत होते. रॉबर्ट बॉइलने 1660 च्या दशकात असे प्रयोग केले होते. पण मद्यार्क पेशींतले पाणी ओढून घेतो, त्यामुळे ताजा मासा थेट त्यात टाकला तर आक्रसतो आणि आतले अवयव नीट राहतीलच असे नाही. 1893 मध्ये फर्डिनांड ब्लुम या जर्मन वैद्याच्या लक्षात आले, की फॉर्मॅल्डिहाइडने ऊती कडक होतात आणि आपला आकार टिकवतात. प्रथिनांच्या रेणूंमध्ये ते आडवे दुवे बांधते. पाचकरसही प्रथिनेच असल्याने तेही निकामी होतात आणि जिवाणू मरतात. ज्या स्थितीत मासा आहे त्याच स्थितीत तो थांबतो. अर्थात हे दुवे पुढे सोडवणे अवघड असल्याने डीएनएचा अभ्यास फार कठीण होऊन बसतो. म्हणून फॉर्मॅलिन लावण्याआधीच मामांनी उजव्या बाजूच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून 95 टक्के इथेनॉलच्या छोट्या कुपीत वेगळा ठेवला.

द्रावण एकास नऊ या प्रमाणात करतात: 100 मिलिलिटर फॉर्मॅलिन आणि 900 मिलिलिटर पाणी. माशाच्या आकारमानाच्या निदान दहापट द्रावण हवे. डब्यात मासा कोंबून वर थोडेसे द्रावण ओतले, तर ते माशातल्याच पाण्याने पातळ होऊन जाते. फॉर्मॅलिन ठेवून ठेवून आम्लधर्मी होते आणि आम्ल हाडांतले कॅल्शियम खाते. इतर माशांत हे नुकसान हळूहळू दिसते, सकरमध्ये मात्र सारे सौंदर्यच हाडांच्या चिलखतात असल्याने याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. त्यासाठी द्रावणात टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स, थोडा थोडा घालून पीएच पट्टीने पाहत सातच्या आसपास आणावे. काष्ठौषधींच्या दुकानात टाकणखार सहज मिळतो.

बाहेरचे चिलखत हेच आत रसायन जाण्यातला मोठा अडथळाही ठरते. त्यातून या माशाचे आतडे शरीराच्या कित्येक पट लांब, घड्याळातल्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले आणि शेवाळाच्या लगद्याने भरलेले असते. कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. नुसते द्रावणात बुडवले, तर बाहेरून मासा कडक होतो आणि आत सडत राहतो. म्हणून मामांनी आधी सिरिंजने गुदद्वारातून आणि दोन पट्टिकांच्या मधल्या सांध्यांतून पोटात द्रावण सोडले, मग परांच्या बुडाशी आणि शेपटीच्या जाड स्नायूंत. सुई पट्टिकेवर टेकली की ती पुढे जात नाही. ती थोडी तिरपी करून सांधा शोधावा लागतो. त्यानंतर पोटाच्या उजव्या बाजूला बोटभर चीर दिली. उजवीकडेच का, तर माशाचे चित्र आणि छायाचित्र डोके डावीकडे ठेवून, म्हणजे डाव्या कुशीचे काढण्याची रीत आहे आणि मोजमापेही त्याच बाजूने घेतात. म्हणून डावी बाजू अखंड राखतात.

यानंतरचा अर्धा तास मला कायम आठवेल. थर्माकोलच्या जाड तुकड्यावर ओले फडके पसरून मामांनी चित्त्याला डावी कूस वर करून ठेवले. पाठीवरचा पर मिटलेला होता. त्याच्या पहिल्या काट्याला चिमट्याने धरून त्यांनी तो हळूच उभा केला, तसा मागचा सगळा पडदा उलगडत गेला आणि त्याच्या प्रत्येक किरणावर ओळीने मांडलेले ठिपके दिसले, जे जिवंतपणी तो टँकच्या काचेला चिकटून बसलेला असताना आम्हाला कधी नीट दिसलेच नव्हते. परात टाचणी खुपसायची नाही, तर किरणाला मागून टेकू देत उभी रोवायची, असे त्यांचे तंत्र. पाठीचा, शेपटीचा आणि छातीचा पर असे टाचण्यांच्या आधाराने ताणून झाल्यावर त्यांनी मऊ ब्रशने परांवर तीव्र फॉर्मॅलिनचा एकेक हात फिरवला. काही मिनिटांत पर तसेच ताठ झाले. टाचण्या काढल्या तरी ते मिटले नाहीत.

मासा एकदा कडक झाला, की पुन्हा वाकत नाही, त्यामुळे तो ज्या बरणीत जाणार तिचे माप आधीच घ्यावे. तोंड अरुंद आणि पोट मोठे अशा लोणच्याच्या बरण्या इथे निरुपयोगी आहेत. परांसकट मासा तोंडातून आत गेला पाहिजे. फॉर्मॅलिनमध्ये मात्र त्याला उभे न ठेवता झाकणाच्या सपाट डब्यात आडवे ठेवावे, म्हणजे पाठ वाकत नाही. एवढ्या मोठ्या माशाला दीड-दोन आठवडे लागतात.

फॉर्मॅलिनमधून काढल्यावर मासा पाण्यात भिजवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून, वास जाईपर्यंत धुतात. मग 30, 50 आणि शेवटी 70 टक्के इथेनॉल असे टप्पे. एकदम तीव्र अल्कोहोलमध्ये टाकल्यास पाणी झपाट्याने बाहेर पडून डोळे आणि पोट खपाटीला जातात. इथेनॉल उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांखाली येत असल्याने ते कोणालाही दुकानातून उचलून आणता येत नाही, महाविद्यालयांना त्यासाठी परवाना लागतो. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याने साधारण 50 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. ते प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानात मिळते. पातळ करण्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. मासा कायमचा फॉर्मॅलिनमध्येच ठेवून देण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, ती मला पटत नाही: प्रत्येक वेळी झाकण उघडले की वाफा येतात, ऊती ठिसूळ होतात आणि हाडे झिजत राहतात.

आता चिठ्ठीविषयी, कारण माझ्या मते बरणीतला तो सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. चिठ्ठी बरणीवर बाहेरून चिकटवू नये. डिंक सुकतो, कसर लागते आणि काही वर्षांनी बरणी मुकी होते. ती जाड, चिवट कागदावर शिसपेन्सिलीने लिहून माशासोबत आत टाकावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि लेझर प्रिंटरची अक्षरे कालांतराने सुटून तळाशी पडतात. शिसपेन्सिल मात्र टिकते. जात, मृत्यूची तारीख, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी आणि पूर्ण लांबी, जतनाची पद्धत, काम कोणी केले, एवढे सगळेच लिहितात. घरच्या माशाच्या बाबतीत आणखी एक ओळ अनिवार्य आहे: हा मासा कुठून आला.

या ओळीचा मी इतका आग्रह का धरते, ते सांगते. समजा चिठ्ठीवर केवळ 'नाशिक' असे लिहिले. आणखी तीस वर्षांनी ती बरणी हाती आलेला अभ्यासक काय समजेल? हा मासा नाशिकच्या पाण्यात, म्हणजे गोदावरीत सापडला, असेच समजेल. सकर हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून सुटलेले टेरिगोप्लिक्थिस आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ क्षेत्रापासून आंध्र प्रदेशातल्या तलावांपर्यंत पसरले आहेत. मच्छीमारांची जाळी फाडतात आणि स्थानिक माशांच्या जागा बळकावतात. तो कोणत्या नदीत कधी पोहोचला, याचा माग अभ्यासक अशाच नमुन्यांवरून काढतात. आमच्या दिवाणखान्यातल्या टँकमध्ये आयुष्य काढलेल्या माशामुळे गोदावरीच्या खात्यात एक खोटी नोंद पडली, तर ती पुसायला कोणीही उरलेले नसेल. म्हणून चित्त्याच्या चिठ्ठीवर 'अ‍ॅक्वेरियम व्यापारातून, नाशिक. घरगुती टँकमध्ये वाढलेला. नदीतून पकडलेला नाही' असे स्पष्ट लिहिले आहे आणि कोणत्या वर्षी पिल्लू म्हणून आणला, तेही.

ठिकाणाच्या एका ओळीचे मोल केवढे असते, याचे उदाहरण आपल्याच दख्खनमध्ये आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातल्या कर्नल साइक्सने 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांची जी वर्णने प्रसिद्ध केली, त्यांत शिंगाळ्यासह कितीतरी कॅटफिश आहेत आणि मासा मुळा-मुठेत मिळाला की भीमेत, हेही त्याने नोंदवले आहे. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही संशोधक त्या नोंदी हातात घेऊन त्याच नद्यांकडे जातात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेची स्थापना 1916 ची आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. अशा संग्रहांत ठिकाण आणि तारीख नसलेल्या नमुन्याला फारशी किंमत नसते, मग तो कितीही देखणा असो.

मासा वाळवून ठेवता येत नाही का, असे मला हमखास विचारले जाते. सकरच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे, कारण चिलखतामुळे वाळल्यावरही त्याचा पाठीकडचा आकार टिकतो. पण पोट आत जाते, डोळ्यांच्या जागी खळगे पडतात, आणि आतडी व स्नायू काढून आतून बोरॅक्स लावला नसेल तर मुंग्या आणि चामडे पोखरणारे डर्मेस्टिस भुंगेरे त्याचा पत्ता शोधून काढतात. शिवाय नाशिकच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत त्याला वास येऊ लागतो. वाळवायचाच असेल तर काम उन्हाळ्यात करावे आणि नंतर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद काचपेटीत ठेवावा.

पारदर्शक रेझिनमध्ये मासा ओतून घेण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ज्या शरीरात पाणी आहे, ते रेझिनमध्ये ढगाळ होते, बुडबुडे धरते आणि आत सडते. आणि एकदा रेझिन घट्ट झाले की दुरुस्तीही नाही. हाडांचा सांगाडा करणे त्या मानाने फार चांगले, पण सकरचा नाही. मांस कुजवून काढताना त्याच्या पट्टिका सुट्या होतात आणि त्या पुन्हा ओळीने जुळवणे हे अनुभवी माणसाचेही धैर्य खचवणारे काम आहे. ज्यांना कॅटफिशची कवटीच हवी आहे, त्यांनी कोकणात समुद्रातल्या शिंगाळ्याचे डोके मागून घ्यावे. त्या कवटीची खालची बाजू क्रुसासारखी दिसते आणि ती हलवली तर माशाच्या अंतर्कर्णातले खडे आत खुळखुळतात.

काम झाल्यावर उरलेल्या फॉर्मॅलिनचे काय, हेही महत्त्वाचे. ते मोरीत ओतायचे नाही. शहरातले नाले शेवटी गंगेलाच मिळतात आणि गंगा पुढे नांदूर मध्यमेश्वरला, राज्यातल्या पहिल्या रामसर क्षेत्राला (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेला) जाते. वापरलेले फॉर्मॅलिन प्रयोगशाळेत झाकणबंद कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्यासोबत पाठवतात, हेही घरी हे काम न करण्याचे एक कारण आहे. जिवंत सकर फार मोठा झाला म्हणून रामकुंडावर किंवा गंगापूर धरणात सोडून येणाऱ्यांना तर मी हात जोडून विनंती करते, की तो दुकानदाराला परत द्यावा, मोठा टँक असलेल्या कोणाला द्यावा, पण नदीत सोडू नये. मेलेला मासा जतन करायचा नसेल, तर झाडाच्या मुळाशी हातभर खोल पुरावा.

चित्त्या आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात उभ्या बरणीत आहे. शेपटीवर भार येऊ नये म्हणून डोके खाली करून. त्या कपाटावर थेट ऊन येत नाही, कारण उन्हाने उरलेला रंगही उडतो, आणि जवळपास बर्नर पेटवला जात नाही. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने ज्यांना बरणी घरीच ठेवायची आहे, त्यांनी ती गॅसजवळ किंवा देवघरात समई-निरांजनाशेजारी ठेवू नये. पातळी वर्षातून एकदा पाहावी लागते. अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडते, त्यामुळे पातळी खाली गेलेली दिसली म्हणजे उरलेले द्रावणही सौम्य झालेले असते; ते भरून काढताना 70 टक्क्यांचे नव्हे, त्याहून तीव्र अल्कोहोल घालून अल्कोहोलमीटरने मोजावे. द्रावण पिवळे पडले असेल तर संपूर्ण बदलावे. पहिल्या वर्षी ते बहुधा पिवळे पडतेच, कारण माशातली चरबी हळूहळू बाहेर येत राहते, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. प्रत्येक वेळी काय बदलले आणि कधी, ते आम्ही नोंदवहीत चित्त्याच्या क्रमांकापुढे लिहितो.